असोसिएशनची मेंबरशिप घेऊ, की रिसर्च संस्थेला प्रोजेक्ट देऊ?

एका वाचक ताईंचं पत्र आलंय. वडिलांनी सुरू केलेला फॅब्रिकेशनचा कारखाना त्या आणि त्यांचा धाकटा भाऊ मिळून चालवतात, चाळीसेक माणसं आहेत, काम म्हणजे शीट मेटलचे ब्रॅकेट आणि चौकोनी पाइपच्या फ्रेम वेल्ड करून देणं. चांगला हात असलेले वेल्डर चार, त्यातले दोघं लवकरच रिटायर होणार आणि नवीन मुलं टिकत नाहीत. त्यात सगळ्यात मोठ्या कस्टमरने ऑडिटमध्ये विचारलं की तुमचा ऑटोमेशनचा प्लॅन काय. एका इंटिग्रेटरने (रोबोट आणून बसवून देणाऱ्या कंपनीने) कोबॉट वेल्डिंग सेलचं, म्हणजे माणसाशेजारी काम करणारा रोबोट आणि त्याच्या भोवतीची वेल्डिंगची सगळी मांडणी ह्याचं, कोटेशन दिलंय आणि "ह्याला जाळीबिळी काही लागत नाही" असं सांगितलंय. कॉलेजची एक मैत्रीण म्हणते, आधी रोबोटिक्सच्या असोसिएशनची मेंबरशिप घे. एका मॅन्युफॅक्चरिंग रिसर्च संस्थेच्या ओपन डेला त्या जाऊन आल्या, तिथला डेमो बघून भारावून गेल्या, आणि तिथले लोक म्हणाले की आपण प्रोजेक्ट करू या. भावाचं मत असं की असोसिएशन म्हणजे मोठ्या कंपन्यांचा क्लब आणि रिसर्चवाले पेपर लिहून मोकळे होतात. ताई विचारतात: "पैसा एकाच ठिकाणी घालता येईल, तर मेंबरशिप घेऊ की प्रोजेक्ट देऊ? रोबोट घ्यावा की नाही हे ह्यांच्यापैकी नक्की कोण सांगेल? आणि आम्ही फार मागे तर नाही ना राहिलो?"

ताई,

आधी तुमचा मधला प्रश्न घेते, कारण तो सुटला की बाकीचे दोन निम्मे हलके होतात. रोबोट घ्यावा की नाही हे ह्या दोघांपैकी कुणीच सांगणार नाही, आणि ते त्यांचं कामही नाही. असोसिएशन सगळ्या धंद्यासाठी असते, एका कारखान्यासाठी नाही. रिसर्च संस्था एखादी गोष्ट होऊ शकते का हे दाखवते, ती तुमच्याकडे परवडेल का, तुमच्या लॉट साइझला बसेल का, हे गणित तुमच्याच वहीत आहे. तुमचं पत्र वाचताना मला सारखं वाटत होतं की तुम्हाला कुणीतरी मोठं माणूस हवंय जे म्हणेल "घे" किंवा "नको घेऊ", आणि ते साहजिक आहे, वडिलांचा धंदा आहे, चाळीस घरं त्यावर चालतात. पण ह्या संस्थांकडे तसं बघितलंत तर दोन्हीकडून निराश होऊन परत याल, आणि मग भाऊ म्हणतोय तेच खरं वाटायला लागेल.

त्यापेक्षा प्रत्येक ठिकाणी जाताना एकच बघायचं: हे कुणाच्या पैशावर चालतं, आणि म्हणून ह्यांना काय चांगलं जमतं.

असोसिएशन मेंबर कंपन्यांच्या वर्गणीवर आणि प्रदर्शनांच्या उत्पन्नावर चालतात. अमेरिकेतली रोबोटिक इंडस्ट्रीज असोसिएशन १९७४ मध्ये सुरू झाली, २०२१ मध्ये ती व्हिजनवाले, मोशन कंट्रोलवाले सगळे मिळून ए-थ्री नावाखाली एक झाले. जपानची रोबोट असोसिएशन त्याच्याही आधीची, १९७१ ची. जर्मनीची व्हीडीएमए तर १८९२ पासूनची, मशीन बनवणाऱ्यांची संघटना. भारतात मशीन टूलवाल्यांची आयएमटीएमए १९४६ पासून आहे, आयमटेक्स प्रदर्शन भरवते ती. नावं बघा, ह्या बहुतेक जागी मुळात मशीन किंवा रोबोट *बनवणारे* एकत्र आलेत. तुम्ही *वापरणाऱ्या* आहात. वापरणाऱ्यांनाही आता ह्यातल्या बऱ्याच ठिकाणी जागा आहे, पण जास्त खुर्च्या विकणाऱ्यांच्या आहेत हे डोक्यात ठेवून जायचं. ह्यात कुणाची फसवाफसवी नाही, घडणच तशी आहे.

ह्याच घडणीतून तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर निघतं, मागे राहिलो का. तुमच्या कस्टमरच्या ऑडिटरने जे आकडे फेकले असतील ते बहुतेक इंटरनॅशनल फेडरेशन ऑफ रोबोटिक्सचे असणार, आयएफआर, १९८७ ला स्थापन झालेली जागतिक संघटना. दरवर्षी त्यांचा रिपोर्ट येतो आणि सगळे तोच वापरतात, कारण दुसरं इतकं पक्कं मोजमाप नाही. आकडे खरे आहेत. २०२३ मध्ये जगात साधारण ५ लाख ४१ हजार नवे इंडस्ट्रियल रोबोट बसले, फॅक्टऱ्यांमध्ये दर १० हजार कामगारांमागे सरासरी १६२ रोबोट झाले, दक्षिण कोरियात तर हजाराच्या वर. हे ऐकून कुणालाही धडकी भरेल. पण त्यातलेच बाकीचे आकडे बघा ना, त्या ५ लाख ४१ हजारांतले निम्म्याहून जास्त एकट्या चीनमध्ये बसले, आणि जगभरचे जवळपास निम्मे गाड्या आणि इलेक्ट्रॉनिक्स ह्या दोन उद्योगांत गेले, म्हणजे जिथे एकच पार्ट लाखांनी बनतो तिथे. कोबॉट त्यात दहातला एक. तुमच्यासारखं चाळीस माणसांचं, आज ही फ्रेम उद्या ती फ्रेम असं चालणारं युनिट ह्या सरासरीत दिसतच नाही, त्यामुळे तिच्यापुढे किंवा मागे राहण्याचा प्रश्नही येत नाही. तुमची खरी अडचण आकड्यात नाही, ती त्या दोन वेल्डरच्या रिटायरमेंटमध्ये आहे, आणि तिच्यासाठी घाई करायला हवी हे मात्र खरं.

मग असोसिएशनचा उपयोग काय? माझ्या मते सगळ्यात मोठा उपयोग सेफ्टीचा, आणि इथे मला तुमच्या इंटिग्रेटरचं वाक्य खटकलं, म्हणून जरा थांबते.

"कोबॉटला जाळी लागत नाही" हे वाक्य अर्धंच आहे. इंडस्ट्रियल रोबोटच्या सेफ्टीचं मुख्य स्टँडर्ड म्हणजे आयएसओ १०२१८. त्याचा पहिला भाग रोबोट बनवणाऱ्यासाठी, दुसरा भाग तो रोबोट सेलमध्ये बसवणाऱ्यासाठी, म्हणजे तुमच्या इंटिग्रेटरसाठी. माणसाला रोबोटचा धक्का लागला तर शरीराच्या कुठल्या भागाला किती फोर्स आणि किती प्रेशर चालेल ह्याचे आकडे २०१६ मध्ये आयएसओ टीएस १५०६६ ह्या वेगळ्या कागदात आले होते, आणि २०२५ च्या नव्या आवृत्तीत तो भाग १०२१८ मध्येच घेतला गेला. नव्या आवृत्तीचा सगळा जोर ह्यावर आहे की सेफ आहे की नाही हे नुसत्या रोबोटवरून ठरत नाही, पूर्ण ॲप्लिकेशनवरून ठरतं. तुमच्या बाबतीत ॲप्लिकेशन काय आहे? रोबोटच्या हाताच्या टोकाला तापलेली वेल्डिंगची टॉर्च, पुढे आलेली टोकदार वायर, आर्कचा प्रकाश, धूर. हात धक्का लागल्यावर थांबेल, मान्य, पण तापलेलं नोझल त्याने गार होत नाही आणि आर्क डोळ्यांना लागायचा राहत नाही. म्हणजे आर्क स्क्रीन लागणार, धूर ओढायची सोय लागणार, सेन्सर किंवा इंटरलॉक लागेल का हे रिस्क असेसमेंटमध्ये ठरणार. तेव्हा इंटिग्रेटरला एवढंच सांगा, "तुमचं रिस्क असेसमेंट लेखी द्या, १०२१८ च्या दुसऱ्या भागाप्रमाणे." जो नीट काम करतो तो लगेच कामाला लागेल. जो "कशाला एवढं" म्हणेल त्याच्याकडून सेल घेऊ नका, दुसरं कोटेशन मागवा.

हे सगळं तुम्हाला मी सांगायची वेळ यायला नको होती, असोसिएशनच्या सेफ्टी ट्रेनिंगमध्ये हेच शिकवतात. ए-थ्रीने तर इंटिग्रेटरना तपासून सर्टिफाय करायची पद्धतही चालू केलेली आहे, आणि त्यांची यादी कुणालाही बघता येते. बऱ्याच असोसिएशनच्या ट्रेनिंगला बिनमेंबरचा माणूस थोडी जास्त फी भरून बसू शकतो. म्हणजे तुमची पहिली गरज भागवायला मेंबरशिप लागतच नाही, तुमच्या सुपरवायझरला एका ट्रेनिंगला बसवलंत तरी पुरे.

आणि एक गोष्ट असोसिएशनमध्ये मिळणार नाही, ती म्हणजे "हे कोटेशन महाग आहे का?" ह्याचं उत्तर. एकमेकांचे स्पर्धक एका टेबलाशी बसतात ना, त्यामुळे स्पर्धा कायद्याच्या भीतीने किमतीबद्दल बोलायचंच नाही असा तिथे नियम असतो, आणि तो बरोबरच आहे. कोटेशन तपासायला दोन वेगळी कोटेशनं घ्या आणि ज्याने असा सेल घेतलाय अशा एखाद्या कारखान्यात जाऊन, मालकाशी नंतर बोला, आधी ऑपरेटरशी बोला.

आता रिसर्च संस्था. तुम्ही डेमो बघून भारावलात ह्यात काही चूक नाही, मलाही ते बघायला आवडतं. फक्त डेमोतला जॉब कसा होता ते आठवा. चकचकीत, नीट कापलेला, फिक्स्चरमध्ये (पार्ट जागेवर धरून ठेवणाऱ्या साच्यात) घट्ट बसलेला, बरोबर ना? आता तुमच्याकडे सकाळी पहिल्या शिफ्टला कटिंगवरून आलेल्या पाइपच्या तुकड्यांकडे बघा. कट थोडा तिरका, एका टोकाला अर्धा मिलिमीटर गॅप, दुसऱ्या टोकाला दोन. तुमचा जुना वेल्डर हे बघतो आणि न बोलता स्पीड कमी करतो, टॉर्च जरा डावी-उजवी हलवतो, गॅप भरतो आणि पुढे जातो, त्याला विचारलंत तर तो म्हणेल मी काही वेगळं केलंच नाही. रोबोट शिकवलेल्या रस्त्याने जातो, जॉइंट तिथे असो वा नसो. त्याला डोळे देता येतात, लेझर सेन्सर आहे, वायर टेकवून जॉइंट शोधणं आहे, आर्कच्या करंटवरून रस्ता धरणं आहे, पण प्रत्येकाच्या मर्यादा आहेत, आर्कवरून ट्रॅकिंग करायचं तंत्र पातळ शीटच्या लॅप जॉइंटला, म्हणजे एकावर एक ठेवून जोडलेल्या शीटना, तितकंसं चालत नाही, आणि तुमचं अर्धं काम तेच आहे.

म्हणून संस्थेकडे जायचा खरा प्रश्न "रोबोटने वेल्डिंग होतं का" हा नाहीच, ते १९६० च्या दशकाच्या शेवटापासून होतंय. प्रश्न असा हवा: "आमच्या ह्या तीन पार्टना, आमच्या कटिंगमध्ये जेवढा फरक येतो तेवढ्या फरकासकट, चांगला वेल्ड मिळेल का, आणि त्यासाठी कटिंग सुधारायचं, फिक्स्चर सुधारायचं की सेन्सर लावायचा?" असा प्रश्न एका पानावर लिहून नेलात तर चांगली संस्था खूश होते, कारण बहुतेक लोक तिथे "आम्हाला इंडस्ट्री ४.० करायचंय" एवढंच घेऊन जातात आणि मग कुणालाच काही उमजत नाही.

भाऊ म्हणतो पेपर लिहून मोकळे होतात. काही ठिकाणी तसं आहे, विद्यापीठाच्या डिपार्टमेंटचं कामच ते. पण मधल्या टप्प्यावर काम करणाऱ्या संस्था वेगळ्या असतात. टेक्नॉलॉजी किती तयार आहे हे मोजायची टीआरएल नावाची १ ते ९ ची पट्टी आहे, मूळ नासाची. १-३ म्हणजे लॅबमधली कल्पना, ९ म्हणजे रोज चालणारी गोष्ट, आणि साधारण ४ ते ६-७ ह्या पट्ट्यात बरीच चांगली कामं मरतात, कारण विद्यापीठाच्या दृष्टीने ते संशोधन उरलेलं नसतं आणि कंपनीच्या दृष्टीने ते अजून माल झालेलं नसतं. तो पट्टा सांभाळायलाच जर्मनीची फ्राउनहोफर आहे, ब्रिटनची हाय व्हॅल्यू मॅन्युफॅक्चरिंग कॅटापल्ट आहे, अमेरिकेत पिट्सबर्गची आर्म इन्स्टिट्यूट आहे, सिंगापूरची एआरटीसी आहे, बंगळुरूची सीएमटीआय १९६२ पासून आहे. फ्राउनहोफरचा साधारण ७० टक्के पैसा कॉन्ट्रॅक्ट रिसर्चमधून येतो, म्हणजे कंपन्यांची कामं आणि स्पर्धेतून मिळवलेले सरकारी प्रोजेक्ट. ज्याचं पोट कामावर आहे तो नुसता पेपर लिहून राहू शकत नाही. शिवाय निव्वळ लहान कारखान्यांसाठी काढलेल्या योजनाही आहेत, अमेरिकेतली १९८८ मध्ये सुरू झालेली एमईपी ही सरकारी योजना आता सगळ्या राज्यांत सेंटर चालवते, आणि तिथली माणसं बऱ्याचदा रोबोटच्या आधी तुमचा लेआउट आणि तुमचं रिवर्क बघतात. तुमच्या जवळ कुठली संस्था आहे हे शोधताना हे विचारा: तुमचा पैसा कुठून येतो, आणि गेल्या काही वर्षांत आमच्या आकाराच्या किती कारखान्यांचं काम केलंत, त्यातल्या एखाद्याशी बोलता येईल का?

डेन्मार्कमधल्या ओडेन्सचं उदाहरण मला फार आवडतं, भावाला वाचून दाखवा. तिथल्या मोठ्या शिपयार्डला जहाजाच्या अवाढव्य लोखंडी भागांचं वेल्डिंग रोबोटकडून करून घ्यायचं होतं, म्हणजे अडचण अगदी तुमच्याच जातीची. त्या गरजेतून आणि शिपयार्डच्या मालकांकडून आलेल्या पैशातून १९९० च्या दशकाच्या शेवटी तिथल्या विद्यापीठात रोबोटिक्सची संस्था उभी राहिली, आणि तिथून निघालेल्या मुलांनी २००५ मध्ये युनिव्हर्सल रोबोट्स सुरू केली, जिच्यामुळे कोबॉट हा शब्द आज तुमच्या कोटेशनमध्ये आलाय. शिपयार्ड २०१२ मध्ये बंद पडलं, रोबोटवाल्या कंपन्या मात्र त्या गावात वाढत राहिल्या. ह्यात मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की वेल्डिंग करणाऱ्यांनी आपली अडचण नेमकेपणाने संशोधकांपुढे ठेवली होती.

तुम्ही मात्र लगेच मोठा प्रोजेक्ट देऊ नका. आधी फक्त फीजिबिलिटी ट्रायल मागा, थोड्या आठवड्यांची, तीन पार्टची. आणि पार्ट नेताना तुमचे सर्वात सुंदर जॉब नेऊ नका, वेगवेगळ्या लॉटमधले न्या, त्यात मुद्दाम वाईट फिट-अपचे, म्हणजे तुकडे एकमेकांना नीट न बसणारे न्या. बहुतेक लोक उलट करतात, आपली लाज राखायला चांगले पीस नेतात, आणि मग ट्रायल पास होते आणि सेल स्वतःच्या शॉप फ्लोअरवर नापास होतो.

कागदावर सही करण्याआधी काही गोष्टी बोलून घ्या. लिहिलेला प्रोग्राम आणि काढलेलं फिक्स्चर डिझाइन कुणाच्या मालकीचं? त्यांच्याकडे आधीपासून असलेलं त्यांचं, तुमच्याकडे आधीपासून असलेलं तुमचं, आणि मिळून जे नवीन तयार होईल त्याचं काय, हे तीन वेगळे प्रश्न आहेत, एका वाक्यात उरकू देऊ नका. रिझल्ट छापायचे असतील तर तुमच्या कस्टमरचा पार्ट ओळखू येता कामा नये, कस्टमरशी केलेला गोपनीयतेचा करार काढून आधी वाचा, ड्रॉइंग बाहेर नेण्याची परवानगी तुम्हाला आहे का तेही बघा. लॅबमधला रोबोट आरओएसवर (संशोधनात वापरतात त्या रोबोटच्या सॉफ्टवेअरवर) चालत असेल तर तो तुमच्या इंटिग्रेटरला चालवता येतो का? येत नसेल तर ट्रायल यशस्वी होऊनही तुमच्या हातात काही पडणार नाही. आणि संस्था रात्रपाळीला सेल बंद पडला तर धावत येणार नाही, ते इंटिग्रेटरचंच काम, त्यामुळे ट्रायलच्या शेवटच्या दिवशी इंटिग्रेटरचा माणूस तिथे हवा.

ह्या सगळ्याच्या आधी, आणि हे फुकट आहे, महिनाभर मोजा. रोज थोडे जॉब घेऊन फीलर गेजने गॅप लिहून ठेवा, आणि वेल्डर दिवसभरात प्रत्यक्ष आर्क किती वेळ चालू ठेवतो तेही लिहा. बऱ्याच ठिकाणी असं निघतं की वेल्डरचा जास्त वेळ पार्ट शोधण्यात, बसवण्यात, टॅक मारण्यात आणि ग्राइंडिंगमध्ये जातो. तुमच्याकडेही तसंच निघालं तर आधी फिक्स्चरवर पैसा घालावा असं मी म्हणेन, त्याने आजचे वेल्डर मोकळे होतात आणि उद्याच्या रोबोटलाही तेच फिक्स्चर कामाला येतं.

कस्टमरला काय सांगायचं? हेच. "आम्ही फिट-अप मोजतोय, ह्या तीन पार्टची ट्रायल ह्या महिन्यात आहे, सेफ्टी १०२१८ प्रमाणे बघतोय." ऑडिटरला कोबॉटच्या फोटोपेक्षा हे जास्त पटतं, कारण पुरवठा बंद पडणार नाही ना, ही त्याची खरी काळजी असते.

राहिली मेंबरशिप. ह्या वर्षी घेऊ नका. ट्रेनिंगची फी भरा, एखादं प्रदर्शन बघा, तिथे इंटिग्रेटरना तुमचे पार्ट दाखवा. सेल लागला, चालला, की मग नक्की घ्या, आणि घेतलीत तर नुसती पावती फाइलला लावू नका, टेक्निकल किंवा सेफ्टी कमिटीत नाव द्या. क्लब आहे असं भाऊ म्हणतो ते काही अंशी खरंच आहे, कारण स्टँडर्डच्या बैठकांना माणूस पाठवणं मोठ्यांनाच परवडतं, आणि मग लहान कारखान्याला काय जमतं, काय जमत नाही हे तिथे सांगायला कुणी नसतं. सेल चालवलेल्या चाळीस माणसांच्या कारखान्यातून कुणी तिथे बसलं तर त्याचं ऐकतात, हे मी पाहिलेलं आहे.

आणि ट्रायलला जाताना त्या रिटायर होणाऱ्या दोघांपैकी एकाला बरोबर न्या, फिरायला म्हणून नको, त्याच्या त्या दिवसाच्या पगारासकट काम म्हणून. कुठला पीस वाईट फिट-अपचा ते त्यालाच निवडू द्या, आणि रोबोटने मारलेला वेल्ड कापून बघताना पहिलं मत त्याचं घ्या. ट्रायलची तारीख त्याच्या रिटायरमेंटच्या बऱ्याच आधीची मागा, संस्थांच्या तारखा पुढे सरकतात.